भाड्याच्या घराची पाहणी होळीच्या आसपासच का करावी?

मुलुंडकर

दरवर्षी मे महिन्याच्या शेवटी सोसायटीच्या ग्रुपवर एकच प्रश्न फिरायला लागतो: "कुणाकडे चांगल्या वॉटरप्रूफिंगवाल्याचा नंबर आहे का?" तोवर फार उशीर झालेला असतो. म्हणून हा धागा आत्ता, थंडी सरत आली असतानाच काढतेय. घर भाड्याने देणाऱ्यांनी आणि भाड्याने राहणाऱ्यांनी, दोघांनीही वाचावा.

आमचा एक आणि सासूबाईंचा एक असे दोन फ्लॅट लीव्ह अँड लायसन्सवर दिलेले आहेत आणि दोन्हींची देखभाल मीच बघते. माझं ठाम मत झालंय की मुंबईत घराची पाहणी फेब्रुवारी-मार्चमध्येच करायला हवी. दिवाळीनंतर इथे पाऊस जवळपास नसतोच. त्यामुळे मार्चमध्ये एखादी भिंत हाताला ओली लागत असेल तर ती पावसाने ओली झालेली नाही. तिथे पाइपातून, नहाणी ट्रॅपमधून (बाथरूमच्या जमिनीतली पाणी जायची जाळी आणि तिच्याखालचं भांडं) किंवा वरच्यांच्या बाथरूममधून पाणी येतंय. उलट डाग आहे, पोपडे सुटलेत, पण हात लावला तर कोरडं ठणठणीत आहे, तर तो बहुधा पावसाचा डाग. बाहेरची भिंत, छज्जा, खिडकीची कड नाहीतर गच्ची. जुलैमध्ये ही दोन्ही पाणी एकत्र होतात. मग वरचे म्हणतात सोसायटीचं लिकेज आहे, सोसायटी म्हणते वरच्यांचं आहे, आणि भाडेकरू बादली लावून बसतो.

मी काय करते ते सांगते. ओलीच्या कडेने पेन्सिलने रेघ मारते आणि बाजूला तारीख लिहिते. पंधरा दिवसांनी भाडेकरूंना फोटो पाठवायला सांगते. ओल रेघेबाहेर गेली असेल तर पाणी चालू आहे. या एका रेघेने आमचे वरच्या मजल्याशी होणारे वाद संपले, कारण मार्चमधली तारीख दाखवल्यावर "पावसाचं असेल" हे कुणी म्हणू शकत नाही.

सगळ्यात आधी कपाटं भिंतीपासून पुढे ओढा. बाथरूमला लागून असलेल्या भिंतीला टेकवलेलं कपाट असेल तर त्यामागे काय चाललंय ते घरात राहणाऱ्यालाही माहीत नसतं. लोणा (ओलीमुळे भिंतीवर फुलणारा पांढरा खार) तिथूनच चढतो आणि प्लायवूडला वाळवीही तिथूनच लागते. मग सिंकखालचं कपाट, नंतर खिडक्या, शेवटी वीज.

वेळेचं गणित पण बघा. मुंबईत मान्सून यायची सर्वसाधारण तारीख ११ जून, पण २०२५ मध्ये तो २६ मेलाच आला होता. म्हणजे काम मेच्या मध्यापर्यंत संपलेलं हवं. नवीन प्लास्टर वाळल्याशिवाय रंग देता येत नाही, म्हणजे तोडफोड एप्रिलमध्ये. आणि एप्रिल-मेमध्ये गवंडी, रंगारी, प्लंबर यांतले बरेच जण लग्नसराई आणि शेतीसाठी गावी जातात. हे सगळं मागे मोजत आलं की पाहणीला होळीच उरते.

घरात दहावी-बारावीचं मूल असेल तर मात्र परीक्षा संपेपर्यंत हातोडा लावू नका. पाहणी करून ठेवा, काम नंतर.

तुम्ही काय काय तपासता तेही लिहा.

अंधेरीत_भाड्याने

चांगला विषय. पण भाडेकरूच्या बाजूनेही लिहायला हवं. आमचे मालक "सहज आलो होतो" म्हणून रविवारी सकाळी दारात उभे राहतात, बरोबर रंगारी असतो. आई पूजेला बसलेली, घरात पसारा, आणि हे बेडरूमचे फोटो काढतायत. घर त्यांचं आहे हे मान्य, पण राहतो आम्ही.

दुसरं असं की खर्च कुणाचा हे कधीच स्पष्ट नसतं. मागच्या घरी निघताना डिपॉझिटमधून रंगाचे आणि "प्लंबिंगचे" म्हणून मोठी रक्कम कापली. ओल आम्ही राहायला येण्याआधीपासून होती, पण सिद्ध कसं करणार?

मुलुंडकर

@अंधेरीत_भाड्याने, न सांगता येणं चूकच आहे. मी किमान आठवडाभर आधी मेसेज करते आणि वेळ भाडेकरूंना ठरवू देते. पाहणीला त्यांनी बरोबर फिरावं असा माझा आग्रह असतो. रोज कुठलं दार अडतं, कुठल्या नळाचं पाणी हळू जातं, हे मला तासाभरात कळणार नाही, त्यांना माहीत असतं.

कायद्याचं_बोला

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम २८. मालकाला जागेची पाहणी करायचा हक्क आहे, पण वाजवी वेळी आणि आधी सूचना देऊनच. हे कलम भाडेकरूसाठी आहे तसं लायसन्सीसाठीही (लीव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्यासाठी) आहे. मालक आगाऊ न कळवता आले तर नम्रपणे हे कलम दाखवायला हरकत नाही. तसंच, मालकाने रीतसर कळवलं असेल तर भाडेकरूने टाळाटाळ करू नये.

खर्चाचं म्हणाल तर लीव्ह अँड लायसन्समध्ये करारात काय लिहिलंय त्यावर बरंच अवलंबून. बहुतेक छापील करारांत "किरकोळ दुरुस्ती लायसन्सीने करावी" एवढंच असतं आणि किरकोळ म्हणजे काय ते कुठेच नसतं. भांडणाचं मूळ तिथे आहे. केंद्राने २०२१ मध्ये आदर्श भाडेकरार कायद्याचा मसुदा राज्यांना पाठवला, त्याच्या परिशिष्टात कामांची सरळ वाटणी दिलेली आहे. इमारतीच्या ढाच्याची दुरुस्ती, भिंतींची सफेदी, दारं-खिडक्यांचा रंग, पाइप बदलणं, आतलं-बाहेरचं वायरिंग हे मालकाकडे. नळ आणि वॉशर, तुंबलेली मोरी, संडास-बेसिनची दुरुस्ती, गीझर, स्विच आणि सॉकेट, कुलपं आणि कड्या, खिडकीची काच, मच्छरजाळी हे भाडेकरूकडे. आपल्याकडे चालतो तो १९९९चाच कायदा, त्यामुळे ही यादी आपोआप लागू होत नाही. पण दोघांच्या संमतीने ती करारात उतरवून घ्यायला कुणी अडवलेलं नाही. नूतनीकरणाच्या वेळी घालून घ्या.

आणि करार लेखी व नोंदणीकृत हवाच, कलम ५५. नोंदणीची जबाबदारी मालकाची.

सिमेंट_वाळू

मी सिव्हिल इंजिनीयर आहे, दुरुस्तीचीच कामं करतो. मुलुंडकर ताईंनी मार्चच्या ओलीबद्दल लिहिलंय ते शंभर टक्के बरोबर. त्यात थोडी भर घालतो, कारण लोक इथेच पैसे वाया घालवतात. ओल दिसली की रंगारी बोलावतात, तो डॅमप्रूफ रंग मारतो, वर्षभरात तोही सुटतो. पाणी कुठून येतंय हे कळल्याशिवाय भिंतीला हात लावू नका.

पाण्याचे तीन प्रकार ओळखायला शिका.

एक, दाबाचं पाणी. म्हणजे नळाला येणाऱ्या पाइपातली गळती. ही चोवीस तास चालू असते. वरचे लोक गावाला गेले तरी ओल कमी होत नाही. वरच्यांना विनंती करून त्यांचा मेन वॉल्व्ह रात्रभर बंद ठेवायचा. त्याआधी आणि नंतर ओल बघायची. फरक पडला तर भिंतीतला पाइप गेला. जुन्या इमारतींत जीआय (जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी) पाइप आतून गंजून जातात, तिथे हे फार दिसतं.

दोन, सांडपाण्याचं पाणी. हे वापराबरोबर येतं. सकाळी आंघोळी झाल्या की छताला घाम येतो, दुपारी ओसरतो. इथे नहाणी ट्रॅपभोवतीचा सांधा किंवा टाइल्समधले ग्राउट (फटींतला भराव) गेलेले असतात. तपासायचं असेल तर ट्रॅपला बोळा लावून बाथरूममध्ये इंच-दीड इंच पाणी उभं करायचं, शक्यतो चोवीस तास. एकच बाथरूम असेल तर निदान रात्रभर. पाण्यात थोडा रंग टाकला की खाली जे उतरेल त्याबद्दल वादच उरत नाही. फक्त ग्राउट गेलं असेल तर जुनं खरवडून एपॉक्सी ग्राउट भरल्यावर बऱ्याचदा भागतं, अख्खं बाथरूम तोडायची गरज नसते. कंत्राटदार आल्या आल्या "सगळं तोडावं लागेल" म्हणाला तर आधी ही चाचणी करायला लावा.

तीन, पावसाचं पाणी. ते मार्चमध्ये दिसणार नाही, फक्त त्याची खूण दिसेल. त्यासाठी बाहेरून बघायचं. भिंतीला तडे आहेत का, छज्ज्यावर पाणी साचतं का, सांडपाण्याचा पाइप भिंतीला जिथे टेकतो तिथे पिंपळ उगवलाय का. पिंपळ नुसता तोडला तर पुन्हा येतो, मूळ काढून ती भेग भरावी लागते. आता रोप लहान आहे, पावसात ते किती फोफावतं हे सगळ्यांना माहीत आहे.

आणखी एक गोष्ट मालक हमखास टाळतात. छताचं प्लास्टर. बाथरूम, किचन आणि गॅलरीच्या छतावर लाकडी दांड्याने हलकेच ठोकत जा. चांगलं प्लास्टर ठणठण वाजतं, सुटलेलं पोकळ वाजतं. मुंबईच्या खाऱ्या, दमट हवेत स्लॅबमधली सळई गंजते. गंज मूळच्या लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, त्यामुळे तो आतून काँक्रीट ढकलतो आणि खपली पडते. आधी सळईच्या रेषेत बारीक तडा दिसतो, कधी तांबूस डाग. हे दिसलं तर नुसतं प्लास्टर मारून झाकू नका. सैल काँक्रीट काढून, सळई घासून, गंजरोधक लावून पॉलिमर मॉर्टरने भरावं लागतं. खाली कुणाचं तरी मूल झोपलेलं असतं, एवढं लक्षात ठेवा.

तिसरा_मजला

अनुमोदन. वाचनखूण साठवली.

गिरगावचा

तुम्हा सगळ्यांचं मालकीच्या फ्लॅटचं चाललंय. आमच्यासारख्या पागडीवाल्यांचं काय? मालक भाडं घ्यायलाही येत नाही, दुरुस्ती लांबच. जिन्याच्या लाकडी पायऱ्या खचल्यात, सामाईक संडासाच्या भिंतीतून पाणी झिरपतं. दर मे महिन्यात आम्ही भाडेकरूच वर्गणी काढून गच्चीवर ताडपत्री घालतो.

कायद्याचं_बोला

@गिरगावचा, तुमच्यासाठी त्याच कायद्याचं कलम १४ आहे. करारात वेगळं काही ठरलेलं नसेल तर जागा राहण्यायोग्य ठेवणं हे मालकावर बंधनकारक. तुम्ही किमान १५ दिवसांची नोटीस द्यायची, एकट्याने किंवा सगळ्यांनी मिळून. त्यानंतरही वाजवी वेळेत काम झालं नाही तर स्वतः करून घेऊन खर्च भाड्यातून वळता करता येतो. मात्र एका वर्षात त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाहून जास्त नाही. पागडीच्या भाड्यात ती रक्कम अगदीच तुटपुंजी होते हे मला कळतं. तरीही नोटीस द्या. पुढे काही झालं तर मालकाला माहीत होतं हे त्यातूनच दिसतं.

इमारत उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणारी जुनी इमारत) असेल तर म्हाडाच्या इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाकडे लेखी अर्ज करा. मंडळ पावसाळ्याआधी सर्वेक्षण करून अतिधोकादायक इमारतींची यादी जाहीर करतं. अर्ज आत्ता गेला तर त्या पाहणीत तुमची इमारत नीट बघितली जाण्याची शक्यता वाढते. अर्जासोबत फोटो जोडा आणि पोच घ्या.

सिमेंट_वाळू

गिरगावकर, लाकडी जिन्याबद्दल एक सांगतो. तुळई जिथे भिंतीत शिरते ते टोक आधी कुजतं, कारण ओल भिंतीतून येते. वरून पायरी धड दिसते. स्क्रू ड्रायव्हर टोचून बघा, सहज आत गेला तर लाकूड संपलंय. तिथे वर्गणीतून टेकू लावून भागवू नका, इंजिनीयरला दाखवा. तोवर त्या जिन्यावरून गॅस सिलिंडर, पाण्याचे पिंप असलं जड सामान नेऊ नका.

गिरगावचा

धन्यवाद दोघांनाही. नोटिशीचं चाळीत सगळ्यांशी बोलतो. गुढीपाडव्याला सगळे एकत्र असतातच.

बोरिवली_सेक्रेटरी

सोसायटीची बाजू मांडतो. गच्ची, बाहेरच्या भिंती आणि सामाईक पाइप यांची दुरुस्ती सोसायटीची. फ्लॅटच्या आतल्या संडास-बाथरूम-सिंकमुळे होणारी गळती त्या सदस्याची. आदर्श उपविधीत (सोसायट्यांच्या नमुना नियमांत) हे स्पष्ट आहे. पण भाडेकरू आमच्याकडे तक्रार घेऊन येतो तेव्हा कागदोपत्री सदस्य मालक असतो. मालकाने निदान एक ईमेल सोसायटीला पाठवावा, म्हणजे कमिटीच्या बैठकीत विषय घेता येतो. मार्चच्या आधी आलेली गच्चीची तक्रार आम्ही एप्रिलच्या कामात घालू शकतो. जूनमध्ये आलेल्या तक्रारीवर फार तर ताडपत्री मिळते.

मालकांनी हेही बघावं: इमारत १५ वर्षांच्या पुढे गेली की उपविधीनुसार दर ५ वर्षांनी आणि ३० च्या पुढे दर ३ वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट (इमारतीच्या मजबुतीची तपासणी) करायचं असतं. महापालिका कायद्याच्या ३५३-ब कलमाखालीही ३० वर्षांवरच्या इमारतींना ऑडिट सक्तीचं आहे. त्या अहवालात तुमच्या फ्लॅटबद्दल काही लिहिलंय का ते सदस्य म्हणून मागून वाचा. घर भाड्याने दिलंय म्हणून बिनभोगवटा शुल्क भरता (सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही), मग अहवाल मागायला संकोच कशाला?

डासांचं विसरू नका. गच्चीवरच्या टाकीचं झाकण घट्ट नसेल तर मलेरियाचा डास तिथेच वाढतो. डेंग्यूचा एडिस घरात: कुंडीखालची ताटली, फ्रिजच्या मागचा ट्रे, एसीच्या पाण्याखाली ठेवलेली बादली. हे भाडेकरूच करू शकतो, सोसायटी कुणाच्या फ्रिजमागे जाऊ शकत नाही.

खिडकीवाली

स्लायडिंग खिडक्यांच्या खालच्या ट्रॅकला बाहेरच्या बाजूने बारीक भोकं असतात, पाणी निघून जाण्यासाठी. ती धुळीने आणि कबुतरांच्या पिसांनी बुजतात. मग पावसाचं पाणी ट्रॅकमध्ये भरतं आणि आत सांडतं, आणि सगळे म्हणतात खिडकी गळते. जुना टूथब्रश आणि वाकवलेली तार घेऊन साफ करा. वर तांब्याभर पाणी ओतून ते बाहेर जातंय ना बघा. चौकट आणि कडाप्प्यामधलं सिलिकॉन फाटलं असेल तर खरवडून नवीन भरा, जुन्यावर लेप देऊ नका, चिकटत नाही.

ग्रिलचा गंजही आत्ताच घासा. रेड ऑक्साइड प्रायमर आणि वर ऑइलपेंट, कोरड्या हवेत चांगला बसतो. समुद्राजवळ राहत असाल तर एसीच्या बाहेरच्या युनिटचे ब्रॅकेट आणि बोल्ट नक्की बघा, खालून लोक ये-जा करत असतात.

पुणेस्थित_मालक

माझा फ्लॅट गोरेगावला आहे, मी पुण्यात. भाडेकरू चांगले आहेत, पण त्यांना किती त्रास द्यायचा असं वाटतं. जाणं होत नाही. व्हिडिओ कॉलवर भागेल का?

मुलुंडकर

@पुणेस्थित_मालक, वर्षातून एकदा तरी स्वतः जा. ओल व्हिडिओत दिसत नाही, हाताला लागते. कुबट वास तर अजिबातच कळत नाही. जाणं अगदीच शक्य नसेल तर विश्वासातला प्लंबर पाठवा आणि त्या वेळी व्हिडिओ कॉलवर राहा.

त्रासाचं म्हणाल तर माझा अनुभव वेगळा आहे. मालक स्वतःहून विचारतोय, लिहून घेतोय, आणि दोन आठवड्यांत नळ बदलून देतोय असं दिसलं की भाडेकरूही घराकडे नीट बघतात. जुलैमध्ये पहिला थेंब पडल्यावर लगेच कळवतात. नाहीतर "मालकाला सांगून काय उपयोग" म्हणून गप्प बसतात, आणि तोवर स्लॅबचं नुकसान होऊन गेलेलं असतं.

विजेचं मी वर नुसतं एका शब्दात उरकलं, ते सविस्तर लिहिते. ईएलसीबीवरचं (करंट गळला की वीज तोडणाऱ्या स्विचवरचं) "टेस्ट" बटण दाबायचं. खटका पडला पाहिजे. नाही पडला तर ते बदलेपर्यंत गीझर वापरू देऊ नका. पावसात ओल्या भिंतीतून करंट येतो तेव्हा तेच एक माणसाला वाचवतं. उन्हाळ्यात एसी सुरू होतो, म्हणून त्याचा प्लग आणि सॉकेट आत्ता बघा. प्लास्टिक पिवळं-काळं पडलं असेल तर तिथे तापतंय. सिलिंडर असेल तर गॅसच्या नळीवर छापलेली तारीख बघा, सुरक्षा नळी ५ वर्षांनी बदलायची असते.

@अंधेरीत_भाड्याने, तुमच्या "सिद्ध कसं करणार"चं उत्तर राहिलं. राहायला येताना आणि दर पाहणीला दोघांनी मिळून एक कागद करायचा. प्रत्येक खोलीतल्या खुणा, मीटरचं रीडिंग, फोटो, दोघांच्या सह्या. मग फोटो दोघांच्याही व्हॉट्सअॅपवर टाकायचे, म्हणजे तारीख राहते. मी तर बेसिनच्या नळाचा आवाजसुद्धा लिहून ठेवते.

अंधेरीत_भाड्याने

ताई, तुमचं वाचून काल आम्ही बेडरूममधलं कपाट ओढलं. मागे कमरेएवढ्या उंचीपर्यंत प्लास्टर भुसभुशीत, हात लावला की पीठ पडतं. पलीकडे आमचंच बाथरूम आहे, वरच्यांचं नाही. पेन्सिलने रेघ मारून तारखेसकट फोटो मालकांना पाठवले आणि कलम २८ चा उल्लेख न करता फक्त "कधी येता, वेळ सांगा" असं लिहिलं. शनिवारी अकराला येतो म्हणाले.

आता प्रश्न: ते रंगाऱ्याला घेऊन येणार हे नक्की. मी त्यांना नेमकं काय सांगू?

सिमेंट_वाळू

रंगाऱ्याऐवजी प्लंबर आणा म्हणून शुक्रवारीच कळवा.

ओल खालून वर चढलीय आणि पलीकडे तुमचंच बाथरूम आहे, म्हणजे संशय दोन जागांवर: शॉवरकडे जाणारा भिंतीतला पाइप, किंवा जमीन-भिंत कोपऱ्यातले सांधे. शुक्रवारी रात्री झोपताना बाथरूमचा वॉल्व्ह बंद करा आणि तो कोपरा पूर्ण कोरडा ठेवा. शनिवारी सकाळी आधी भिंत बघा. पिठासारखा भाग कोरडा वाटायला लागला तर पाइपाचा संशय धरा. पण जाड भिंत एका रात्रीत वाळत नाही, त्यामुळे नक्की करायला प्लंबरकडून प्रेशर टेस्ट करून घ्या: लाइनचे सगळे नळ बंद करून पंपाने दाब द्यायचा आणि काटा खाली येतो का बघायचं. काटा स्थिर राहिला तर पाइप ठीक, मग ट्रॅप बुजवून पाणी उभं करायची चाचणी.

कारण कळल्यावर भुसभुशीत प्लास्टर विटेपर्यंत काढून टाकायचं आणि भिंत तशीच उघडी ठेवायची, पंखा लावून, निदान दोन-तीन आठवडे. लोणा लागलेलं जुनं प्लास्टर ठेवून त्यावर पुट्टी भरली तर ती पहिल्या पावसात सुटेल. कपाट तोवर दुसऱ्या भिंतीला. परत लावताना मागे हात जाईल एवढी फट ठेवा.

अंधेरीत_भाड्याने

कळवलं. प्लंबर आणतो म्हणाले, आणि दुरुस्तीचा खर्च त्यांचा हेही स्वतःच म्हणाले. शनिवारी टेस्ट झाली की इथे टाकते.